दोन्ही खिडक्या लाल

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प: रागावर ताबा. डॉक्टरने सांगितलं, बायकोने सांगितलं, आज कीबोर्डनेही सांगितलं. कीबोर्ड गेला.

घडलं ते असं. क्लबच्या रिंगवर नवा कॅमेरा बसवला. तो कॉम्प्युटरला जोडायचा, एवढंच काम. तर कॉम्प्युटर मध्येच अडवून म्हणतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. माझा बॉक्सिंग क्लब, माझं टेबल, आणि माझ्याच कॉम्प्युटरने मला विचारावं, तू कोण रे? शांतपणे दहापर्यंत मोजायला घेतलं. चारला हात सुटला. सरळ उजवा, खांद्यातून, पोरांना शिकवतो तसा. बटणं रिंगभर उडाली. एंटरचं बटण गेंड्याच्या बुटात सापडलं. गेंडा म्हणजे आमचा हेवीवेट आणि माझा मदतनीस. त्याने विचारलं, सर, ह्याचे पॉइंट धरायचे का. त्याला शंभर दंड मारायला लावले.

मूळ दुखणं गेल्या महिन्यातलं. मी गुण मोजायचा एक फुकटचा प्रोग्राम टाकला होता. त्याच्या मागोमाग बिनबोलावलेली वरात आली. आठवडाभर कॉम्प्युटर चालू केला की अनोळखी बाया नाचायच्या. बायको हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. तिने सगळं धुऊन काढलं आणि दोन अकाउंटं केली. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड तिच्या डोक्यात. दुसरं साधं. ते माझं. क्लब माझा आणि साधा मी!

संध्याकाळी ती नवा कीबोर्ड घेऊन आली, माझ्याकडे पाठ करून पासवर्ड टाकला, कॅमेरा सुरू. मग प्रवचन. रोजचं काम साध्या अकाउंटमधून करायचं. ताकद लागली तर तेवढ्या कामापुरती घ्यायची, काम झालं की खाली ठेवायची. मी ग्लोव्ह्ज घालून जेवतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, जेवू शकतो. घरी गेल्यावर तिने खरोखर ताटाशेजारी ग्लोव्ह्ज ठेवले. मीही मर्द माणूस, घातले. वाटी भिंतीवर गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

रागावर ताबा: उत्तम.

आज हातोडी आणि गेंडा यांचा सराव घेतला. हातोडी म्हणजे माझी सख्खी भाची, ताईची मुलगी. बोलते कमी, मारते जास्त. दुसऱ्या राउंडला गेंड्याने हसून काहीतरी टोमणा मारला. तिने डावा दाखवला आणि उजवा घातला. गेंड्याचा दात उडाला. हेडगार्ड, माउथगार्ड सगळं लावून उडाला! बादलीत हात घालून मीच शोधला. डोळ्यांत पाणी आलं अभिमानाने.

हा कॅमेरा तिच्यासाठीच. राष्ट्रीय शिबिराची निवड आहे. ह्याच महिन्यात खेळलेल्या, न कापलेल्या लढतींचं रेकॉर्डिंग २८ तारखेपर्यंत पाठवायचं. पुढच्या वर्षी तिचं वय उलटतं, म्हणजे हा शेवटचा डाव. निवड झाली तर पोरगी शिबिरात. नाही झाली तर ग्लोव्ह्ज माळ्यावर आणि ती ताईच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर. ताईने तसं बजावलंय आणि ताई बोलते ते करते. पोरीनेही मान डोलावलीये, कारण तिला खात्री आहे की मामा आहे. मामा आहेच.

पासवर्ड ओळखायचा प्रयत्न केला. बायकोचा वाढदिवस टाकला. चुकला. लग्नाची तारीख टाकली. चुकली. (ही तारीख मला आठवते तीच आहे की नाही, ते विचारण्यात धोका आहे.) मग कॉम्प्युटरने थोडा वेळ प्रयत्नच बंद केले. खालच्या डब्याला लाथ घातली. डबा ठणठणीत. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

विजय! हातोडीच्या दोन लढती झाल्या. दोन्ही कॅमेऱ्यात. पलीकडच्या क्लबच्या दोन मुली आल्या होत्या. पहिली तिसऱ्या राउंडपर्यंत टिकली. दुसरीचं नाक पहिल्याच मिनिटाला फुटलं तरी ती खेळली, शाब्बास तिची, पण दुसऱ्या राउंडला दोरीवर अडकून राहिली. माझ्या पांढऱ्या शर्टावर ठिपकेच ठिपके.

त्या क्लबचा कोच, मिशीवाला, माझ्या छातीला बोट लावून म्हणाला की तुमची पोरगी घाण खेळते. रागावर ताबा ठेवून मी त्याला फक्त एक डावा हुक मारला. तो वाकला. हुक रिंगच्या खांबाला लागला. खांब लोखंडी आहे. त्यानंतर त्याने माझ्या पोटात एक ठेवली आणि मी डावपेच म्हणून खाली बसलो. गेंड्याने त्याला उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं. जाताना मिशीवाला ओरडत होता की आता कुठल्याच क्लबची मुलगी इथे पाय ठेवणार नाही. म्हटलं, ठेवू नका. आमचं काम झालंय.

रेकॉर्डिंग 'निवड' नावाच्या फोल्डरमध्ये जातं, रोजचं 'सराव' नावाच्या. बायको म्हणाली, आजच एक कॉपी पेनड्राइव्हवर घे. घेणार आहे. आज हात सुजलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी सत्यमेव जयते. पासवर्ड मिळाला!

कॅमेरा दिवसभर चालतो, 'सराव' फोल्डर गच्च भरतो. जुनं काढायला गेलं की साधं अकाउंट म्हणतं, परवानगी नाही. हे बायकोनेच मुद्दाम करून ठेवलंय, कोणी चुकून काही उडवू नये म्हणून. मग मी तिला फोन करतो. सोमवारी सहा वेळा केला. मंगळवारी ती वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये होती तरी उचलेपर्यंत केला. आज तिने हात टेकले. म्हणाली, माकडाच्या हाती कोलीत देतेय हे मला कळतंय. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

तिने दोन खिडक्या शिकवल्या. कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायच्या खिडक्या. माउस मी फोडतो, म्हणून हे बरं. काळी खिडकी साधी. तिच्यात काहीही टाइप केलं तरी कॅमेऱ्याच्या वस्तूंना धक्का लागत नाही. दुसरी पासवर्ड देऊन उघडायची, तिला पूर्ण ताकद. ती तिने लालभडक रंगवून दिली. लाल दिसली की हात आवरायचा, एकच काम करायचं, खिडकी बंद करायची. आणि कॉम्प्युटर जे विचारेल ते वाचून मगच हो म्हणायचं. सगळ्याला हो म्हटलं. वाचून हो म्हणायची सवय मला असती तर लग्नाच्या वेळीच उपयोगी पडली असती, हा विनोद मनातच केला. हाही ताबाच.

पहिल्यांदा लाल खिडकीत हुकूम सोडला. आठवड्याचा सराव एका ओळीत खलास. ना आवाज, ना रक्त. असा नॉकआउट मी आयुष्यात मारला नव्हता.

कॉपी: उद्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोठा शोध लागला. लिहायलाच हवा.

सकाळी वीजवाला आला. मीटर चुकीच्या जागी आहे म्हणून हुज्जत घालायला लागला. पूर्वी मी त्याचा स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला असता. आज केबिनमध्ये गेलो, काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं, उडव सगळं. क्लब, कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळं मुळासकट. खण्णकन एंटर. कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही. आणि काय सांगू, छातीवरची धोंड उतरली!

बॉक्सर भिंतीवरच्या सावलीशी लढतो, सावलीला लागत नाही आणि हात मोकळे होतात. ही तशीच सावली. पूर्ण जोराने मारायचं, समोरच्याला ओरखडाही नाही. दुपारपर्यंत चार वेळा क्लब उडवला. गेंड्याला उशीर झाला, उडवला. पंख्याने आवाज केला, उडवला. कीबोर्ड शाबूत. नखही नवं यायला लागलंय.

बायकोला सांगितलं नाही. काही साधना गुप्त ठेवाव्या लागतात.

कॉपी: पेनड्राइव्ह सापडत नाही. गेंडा त्याने बुटातली माती काढत होता असं कळतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लाल खिडकी उघडायला दर वेळी पासवर्ड. आणि पासवर्ड एवढा लांब की टाइप करता करता राग दुप्पट होतो. आज तिसऱ्यांदा चुकला तेव्हा खुर्ची फेकली. खुर्ची आरशावर गेली. पोरं सावली-बॉक्सिंग करत होती, आता प्रत्येकाला स्वतःचे सात-आठ तुकडे दिसतात.

उपाय केला. लाल खिडकी सकाळी उघडायची आणि दिवसभर उघडीच ठेवायची. दरवाजा दर वेळी कुलूप लावून उघडण्यापेक्षा ढकलून ठेवलेला बरा. साधी गोष्ट आहे, पण शिकलेल्या माणसांना सुचत नाही.

शेजारी काळी खिडकी. काळा रंग मात्र डोळ्यात खुपतो. सुतकी वाटतो. मी कायम लाल कोपऱ्यातून लढलेला माणूस. सेटिंगमध्ये शोधलं, तर रंग बदलायला पासवर्डही लागत नाही. काळीही लाल केली. आता दोन्ही लाल, शेजारी शेजारी, काय रुबाब दिसतो टेबलाला!

कुठली कुठली आहे ते मला माहीत आहे. डावीकडची साधी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेंड्याने टेबल पुसताना खिडक्या इकडच्या तिकडे केल्या असं वाटतंय. चौकशी केली. तो म्हणाला, फडक्याने खिडक्या कशा हलतील. उलट उत्तर दिलं म्हणून पॅड धरून उभा केला आणि वीस अपरकट मारले. पॅड निसटलं तेव्हा शेवटचे दोन हनुवटीला लागले. रडला नाही. चांगला मुलगा आहे.

खिडक्यांचं काय, उजवीकडची साधी असणार.

बायकोने कॉपीचं विचारलं. घेतली म्हणालो. म्हणजे मनाने घेतली आहे. माणूस एकदा ठरवतो तेव्हाच अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं शनिवारी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी सुट्टी असते हे विसरलो होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस लिहू नये असा.

सकाळी सगळ्यांना बचाव शिकवत होतो. हातोडीला समोर घेतलं. तिने हळूच, पण सगळ्यांच्या देखत सांगितलं की मामा, तुझा डावा हात खाली राहतो. मी म्हटलं, तू अंड्यात होतीस तेव्हापासून हा हात वर आहे. ती म्हणाली, दाखवू? आणि दाखवलं. टिचकीसारखा जॅब, नाकावर. रक्ताची धार लागली. पोरं हसली. गेंडा तर दात नसलेल्या जागेतून हसला. मी पुन्हा पवित्रा घेतला, तिने पुन्हा मारलं, त्याच जागी. म्हणाली, बघ, अजून खालीच आहे.

तिला शिकवलं कोणी? मुठी वळायला शिकवलं कोणी? माझाच दात आणि माझाच ओठ! डोकं असं फिरलं की तिला दोरीवरून बाहेर फेकावं. पण संकल्प म्हणजे संकल्प. नाकात बोळे घालून केबिनमध्ये गेलो, दार आपटलं (बिजागरी निघाली), आणि सावली-बॉक्सिंगला बसलो. टाइप केलं, उडव 'निवड'. तिच्या सगळ्या लढती, तिचं शिबिर, तिचा तोरा, सगळं उडव. खिडकीने काहीतरी विचारलं. रोज काहीतरी विचारते, म्हणून हो म्हटलं. एंटर हाणला.

आणि परवानगी नाही असं आलंच नाही.

काहीच आलं नाही. नुसती पुढची रिकामी ओळ आणि लुकलुकणारी रेघ. रागावलेल्या बायकोसारखी गप्प.

फोल्डर उघडायला गेलो तर फोल्डरच नाही.

संध्याकाळ

विचार केला. घाईने कोणाला सांगण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरला थोडा वेळ दिला की तो येतो कधीकधी भानावर. संध्याकाळचा सराव नेहमीसारखा घेतला, कॅमेरा नेहमीसारखा चालू ठेवला. कोणाला संशय नको.

हातोडी जाताना सॉरी म्हणाली नाकाबद्दल. घरी जाऊन बर्फ लाव म्हणाली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फोल्डर आला नाही भानावर. बायकोला हॉस्पिटलात गाठलं. व्हायरसने खाल्लं म्हणून सांगितलं. ती हातातलं काम टाकून आली.

आधी तिने दोन लाल खिडक्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग बसली आणि हरवलेलं शोधायला एक प्रोग्राम लावला. विचारलं की त्यानंतर कॅमेरा बंद ठेवला होता ना. म्हटलं, नाही, दोन तास चालू होता. त्यावर तिने डोळे मिटले. उडालेलं काही काळ जागेवरच पडून असतं म्हणे, त्यावर नवीन काही लिहिलं नाही तर परत मिळतं. मी त्यावर संध्याकाळचा सराव लिहिला होता. काल दुपारी तोंड उघडलं असतं तर कदाचित वाचलं असतं, असं ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, हे व्हायरस फार माजलेत. तेवढ्यात तिने दोन्ही खिडक्यांत वरच्या दिशेच्या बाणाचं बटण दाबलं. आधी टाइप केलेलं सगळं त्या बटणाने परत येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकेक ओळ वर आली. एकीत उडव 'निवड'. दुसरीत उडव सगळं. त्याआधीही उडव सगळं.

आणि हातोडी दारात उभी होती. दाराला बिजागरी नव्हती, त्यामुळे वाजलंच नाही.

तिने ती ओळ वाचली. मला विचारलं की हे तू हाताने टाइप केलंस का. मी सांगायला लागलो की सावली म्हणून, डाव्या खिडकीत, म्हणजे उजव्या. ती तेवढं ऐकून निघून गेली. बाहेर जड बॅगेवर बुक्क्या सुरू झाल्या. बॅगेची साखळी तुटेपर्यंत ऐकू येत होत्या.

दुपारी ताई आली. दुकानातून तशीच, हातात नमुन्याची फरशी. लहानपणी आईने मध्ये पडून जे अर्धवट राहिलं होतं ते ताईने आज पूर्ण केलं. फरशी खांबाला लागून फुटली, म्हणून चपलेवर भागवलं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, टेबलाखाली होतो. ताई मारताना रडत होती, ते जास्त लागलं. पोरीने चार वर्षं पहाटे उठून काढली, एवढंच परत परत म्हणत होती.

बचाव करताना डावा हात खाली राहिला, हे मान्य करतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. योजना: दोन दिवसांत नवी लढत खेळवायची. एक पूर्ण लढत चालते. शिबिराला फोन करून विचारलं, समोर कोणीही असलं तरी चालेल, सराव लढत असली तरी चालेल, फक्त तीन राउंड न कापलेले हवेत.

सगळ्या क्लबांना फोन केले. मिशीवाल्याने सगळीकडे आधीच सांगून ठेवलंय. एकाने तर मी नाव सांगायच्या आतच खांबाची तब्येत विचारली. मग मिशीवाल्याकडे स्वतः गेलो माफी मागायला. माफी मागता मागता त्याच्या मिशीवरून एक शब्द निघून गेला. पुढे जिन्यावरून कसा आलो ते आठवत नाही. पायऱ्या बऱ्याच होत्या.

गेंड्याला विचारलं. त्याने आईची शपथ घेतली की त्या पोरीसमोर तो पुन्हा उभा राहणार नाही, आता तर अजिबातच नाही. उरलेली पोरं एकदम गृहपाठ आठवून घरी गेली.

राहिलो मी.

बायको म्हणाली, तुम्ही ठार व्हाल. मी म्हटलं, हलक्या हाताने घेईन, पोरगी आहे. त्यावर ती आज पहिल्यांदा हसली. जरा विचित्र हसली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार (डाव्या हाताने लिहितोय)

लढत झाली. रंगली.

हातोडी आली, हाताला पट्ट्या गुंडाळल्या, थेट रिंगमध्ये चढली. गेंडा पंच. बायको कॅमेऱ्यापाशी, स्वतःच्या साध्या अकाउंटमधून. (ती तिथेही साधंच वापरते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असून! काही लोकांना मोठेपण पेलत नाही.) ताई खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून.

पहिला राउंड: मी आक्रमक सुरुवात केली. मग छत दिसलं. गेंडा आकडे मोजत होता. उठलो. बरगडीत एक बसली, श्वास पायात गेला. पुन्हा छत. पंख्यावर किती धूळ आहे!

मधल्या विश्रांतीत बायकोने विचारलं, थांबवू का. कॅमेरा न थांबवता. मी म्हटलं, तीन राउंड लागतात. ती म्हणाली, माहीत आहे. पाणी पाजलं. माझ्या गालावरून रक्त पुसलं, जरा हळू.

दुसरा राउंड: माझा उजवा तिच्या खांद्याला लागला! लागलाच! कॅमेऱ्यात आहे. त्याबद्दल तिने माझ्या उजव्या मनगटाला दोरी आणि खांब यांच्यामध्ये असं काही पकडलं की कट्ट आवाज आला. तेव्हा ती क्षणभर थांबली. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, मार गं, बघतेस काय तोंडाकडे, शिबिरवाले बघतायत. तिने मारलं.

तिसरा राउंड: मुख्यतः गुडघ्यांवर होतो. उठायचो, पडायचो. का उठत होतो ते सांगता येत नाही. घंटा वाजायच्या आत संपलो तर निवड वाया जाईल, एवढंच डोक्यात. शेवटी अपरकट आला, खालून, सावकाश येताना दिसला, शाळेच्या बससारखा. मीच शिकवलेला. सुंदर होता. घंटा मी ऐकली नाही. गेंडा म्हणतो वाजली.

हॉस्पिटलात जबडा तारेने बांधला, मनगट प्लास्टरमध्ये. बायकोने त्याच हॉस्पिटलात बसून रेकॉर्डिंग पाठवलं आणि तीन ठिकाणी कॉपी केली. माझ्यासमोर. मला मोजून दाखवली.

हातोडी खाटेपाशी आली होती. स्ट्रॉ सरळ केली आणि गेली.

१० मार्च, सोमवार

निवड झाली!!!

ताई क्लबात पेढ्यांऐवजी नुसतीच रडत आली आणि माझ्या प्लास्टरवर डोकं टेकलं. दुखलं. चालेल.

शिबिराच्या निवड समितीचा शेरा बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. मुलीची ताकद, पायांची हालचाल आणि मुख्य म्हणजे संयम उत्कृष्ट आहे. प्रतिस्पर्ध्याने बॉक्सिंगचं कोणतंही प्रशिक्षण घेतलेलं दिसत नाही. ह्यापुढे अशा सामान्य व्यक्तीला सुरक्षेच्या कारणास्तव रिंगमध्ये उतरवू नये.

सव्वीस वर्षं कोच आहे मी! तोंड उघडलं असतं तर समितीला धुऊन काढलं असतं. तारेमुळे उघडत नाही.

१७ मार्च, सोमवार

हातोडी शिबिराला जाऊन चार दिवस झाले. क्लब शांत. शांत म्हणजे, पोरं दुपारी कॉम्प्युटरभोवती जमतात आणि ती लढत बघतात. सावकाश गतीने. शेवटचा अपरकट मागे-पुढे, मागे-पुढे. गेंडा नवीन आलेल्यांना समजावून सांगतो, इथे सर अजून जागे आहेत, इथे नाहीत. मिशीवाल्याच्या क्लबची पोरंसुद्धा आली होती. चहा पिऊन गेली.

ठरवलं, हे रेकॉर्डिंग उडवायचं. शिबिराला पोचलंय, आता काय उपयोग? शांत डोक्याने. राग अजिबात नाही. खिडकी उघडली, काळी, एकच (दुसरी आता उघडत नाही). डाव्या हाताने टाइप केलं. परवानगी नाही. बायकोने पासवर्ड बदललाय. तिला लिहून विचारलं, नवा काय. ती म्हणाली, मलाही माहीत नाही. जाण्याआधी हातोडीनेच ठेवलाय. आता क्लबच्या कॉम्प्युटरची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ती.

मामाने भाचीकडे परवानगी मागायची! मूठ उगारली. उजवी प्लास्टरमध्ये, डावी कीबोर्डपर्यंत पोचायच्या आत जबडा दुखला. खाली घेतली.

शेवटी तिला मेसेज पाठवला. मोठेपणाने लिहिलं की क्लबची शिस्त बिघडते, पोरं हसतात, तेवढं एक रेकॉर्डिंग काढायला पासवर्ड दे. तिथे त्यांना संध्याकाळी थोडाच वेळ फोन मिळतो. वाट बघत बसलो. उत्तर आलं. बाकीच्या दोन तर तू उडवल्यास, तिने लिहिलं होतं. मामा, माझी तेवढी एकच लढत उरलीये.

फोन टेबलावर उपडा ठेवला.

पोरं गेल्यावर एकटा बसून बघितली. पहिल्यांदाच बघितली, आत्तापर्यंत मान फिरवत होतो. पहिल्या राउंडपासून शेवटपर्यंत. पोरगी काय मारते!

डावा हात खालीच आहे. उद्यापासून वर.